नखावरचं पीठ

गयाबाईंच्या डाव्या अंगठ्याचं नख ज्वारीच्या दाण्याएवढं पुढं आलेलं असायचं. बाकीची नऊ नखं मांसापर्यंत कापलेली आणि हे एकच राखलेलं. शेणपाणी, भाकरी, खुरपणी रोजची. अशा बाईनं एक नख जपायचं म्हणजे कृषी विद्यापीठाच्या फार्मवरच्या बायांना आयताच विषय. त्या म्हणायच्या, गयाबाई मालकीण हाय, पर अंगठ्यापुरती. गयाबाई हसत नसत आणि चिडतही नसत. भाकरी थापताना त्या तो अंगठा वर धरून थापतात, असंही बाया सांगत. मी एकदा विचारलं, ‘‘मोडत नाही का हो ते?’’

‘‘माणूस जपायलंय म्हणल्यावर काहून मोडंल?’’ त्या म्हणाल्या.

ते नख हत्यार होतं. फूल उमललं की त्या देठाला टिचकी मारायच्या आणि पिवळ्या दांड्यांतला पराग त्या नखावर झाडून घ्यायच्या. मग दुसऱ्या झाडाच्या फुलाचं टोक त्यात बुडवायचं, की झाला संकर. परागाला त्या पीठ म्हणायच्या. ही कला त्या कपाशीच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर शिकल्या होत्या. तिथं दिवसाला शेकडो फुलं हातांखालून जातात. बटाट्याच्या फुलाशी त्यांची गाठ पडली ती आमच्या योजनेत.

परभणीत बटाटा, म्हटल्यावर तेव्हाही लोक हसायचे. इथं कापूस, ज्वारी, तूर. बटाटा बाजारात इंदुराकडून पोत्यांत येतो आणि पोत्यांतूनच घरी जातो. पण मोहरीर साहेब नावाचे एक दमेकरी, हट्टी शास्त्रज्ञ विद्यापीठात बदलून आले आणि येताना डोंगरातल्या एका केंद्रावरून टोपलीभर कंद घेऊन आले. मराठवाड्याच्या उन्हाला पुरून उरेल असा बटाटा त्यांना करायचा होता. ते स्वतः बटाट्याची भाजी कधी खात नसत. डब्यात आली तर माझ्याकडे सरकवत. मी त्यांचा कनिष्ठ सहायक, नोकरीत नवा, अजून कायम न झालेला.

अडचण काय होती ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. आपण खातो त्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच असतात. डोंगरातल्या पुष्कळशा रानटी बटाट्यांत दोनच. रानटी कडू असतो, गोटीएवढा असतो, पण उन्हाला आणि रोगाला दाद देत नाही. त्याचा तो चिवटपणा आपल्या बटाट्यात आणायचा, तर चाराचं दोनाशी जमत नाही. फळ धरत नाही, धरलं तर बी पोचट निघतं. म्हणून आधी आपल्या बटाट्याला निम्म्यावर आणायचं, चाराचे दोन करायचे आणि मग दोनाशी दोनाचं लग्न लावायचं. अशा निम्म्यावर आणलेल्या झाडांना शास्त्रात हॅप्लॉइड म्हणतात. गयाबाई त्यांना ‘निम्मी’ म्हणत. साहेबांनी टोपलीत आणलेली ती हीच निम्मी, आणि सोबत थोडे रानटी कंद. निम्मी सगळी किडकिडीत, त्यांना फूलच येत नाही, येतं ते गळतं, आणि टिकलंच तर त्यात पराग मेलेला.

मेलेला की जिवंत हे बघायला साहेबांकडे सूक्ष्मदर्शक होता आणि तांबड्या रंगाची बाटली होती. जिवंत कण रंग पितात, मेलेले फिकट आणि सुरकुतलेले राहतात. पहिल्या हंगामात गयाबाई चार दिवस हे काम बघत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, ‘‘एवढा खटाटोप कशापायी सायब? जितं पीठ नखाला धरतंय. मेलेलं फुंकरीनं उडतंय.’’

साहेबांना राग आला. रागावले की ते आधी खोकत आणि मग बोलत. त्यांनी आठ झाडांची आठ फुलं मागवली आणि मला नंबर झाकायला लावले. गयाबाईंनी एकेक फूल नखावर झाडलं, उन्हाकडे तिरकं धरलं आणि हलकी फुंकर मारली. ‘‘मेलं. मेलं. हे अर्धं मेलं. हे जितं.’’ मी कागदावर लिहीत गेलो. साहेबांनी दुपारभर काचा तपासल्या. सात बरोबर होती, एक चुकलं होतं. मला वाटलं, आता ही बाई साहेबांच्या काचेलाच खोटं पाडणार. पण त्या वाकून काचेत बघून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘चुकले. त्या फुलावर दव व्हतं, म्हणून धरलं नखाला.’’ चूक इतक्या सरळ कबूल करणारं माणूस त्या इमारतीत मी दुसरं पाहिलं नाही. मी तर नाहीच.

त्या दिवसापासून साहेब आधी नख विचारायचे आणि मग काच.

निम्म्यांतला सतरा नंबर गयाबाईंनीच हेरला. साहेबांनी तो यादीतून काढला होता, कारण पराग साफ मेलेला. गयाबाई म्हणाल्या, ‘‘पीठ मेलंय, पर ही आई व्हईल. दुसऱ्यांची फुलं एका दिसात गळायलीत. हिचं फूल तीन दिस धरून ऱ्हातंय.’’ साहेबांनी यादीत सतरा परत लिहिलं.

आणखी एक भानगड होती. आपल्याकडे बटाटा थंडीत येतो आणि थंडीतले दिवस लहान. लहान दिवसांत बटाट्याला खाली कंद धरायची घाई होते आणि तो वर फुलायचं विसरतो. त्यावर जुना उपाय आहे. कंद विटेवर ठेवायचा आणि वर मातीचा ढीग करायचा. मुळं विटेवरून खाली जमिनीत गेली की माती पाण्यानं धुऊन टाकायची. झाड विटेवर उघडं उभं राहतं. त्याच्या बुंध्याला कंद धरू लागले की ते रोज खुडून टाकायचे. खाली काही उरलं नाही की झाड वर फुलतं.

हे खुडण्याचं काम गयाबाईंकडे होतं. त्या ते चोख करायच्या, पण पहिला कंद खुडताना दर वेळी थांबायच्या. मी एकदा कारण विचारलं.

‘‘हिच्या पोटचं काढून घ्यायचं आन् वरून म्हणायचं फूल दे.’’ त्यांनी कंद ओच्यात टाकला. ‘‘द्यायलीय की पर. देतातच बायका.’’

आणि त्या पुढच्या विटेकडे सरकल्या.

गयाबाई पिंगळीच्या. स्टेशनामागच्या वस्तीत घर, घरात त्या आणि एक मुलगी, सुनंदा. नवरा मागेच वारला होता. सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. कमरेला कायम एक कापडी पिशवी बांधलेली असायची, आत प्लॅस्टिकची दुसरी. रेशनकार्ड, सुनंदाचा शाळेचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि असलेच चार कागद. खुरपताना, वाकताना, जेवताना पिशवी अंगावरच. मला थट्टा सुचायची. ‘‘गयाबाई, कुठं निघालात गाव सोडून?’’ असं मी महिन्यातून दोनदा तरी म्हणत असे. त्या ‘‘निघाले न्हाई अजून’’ म्हणायच्या आणि कामाला लागायच्या.

एकदा पावसात पिशवी भिजली आणि त्यांनी कागद प्रयोगशाळेच्या टेबलावर वाळत घातले. मी जवळ होतो म्हणून असेल, त्या आपण होऊन बोलल्या. अठ्ठ्याहत्तर साली त्या दुसऱ्या गावात होत्या. गावाचं नाव त्यांनी सांगितलं नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरून पेटलं तेव्हा त्यांच्या वस्तीतली घरं जळाली. माणसं वाचली.

‘‘घर काय, कुडाचं. पुन्यांदा हुबं ऱ्हातंय. पर गायरानाचा कागद व्हता पेटीत, दीड एकराचा. तो गेला. मंग तहशिलीत गेलाव तर म्हणे कागद दाखवा. कागद न्हाई तर तुमी कवा कसत व्हताव? सुनंदा चार म्हैन्याची व्हती, तिला घेऊन तीन वर्सं चकरा मारल्या.’’ त्यांनी रेशनकार्ड पालथं घातलं. ‘‘तवापासून कागद अंगावर.’’

मी त्यानंतर ती थट्टा केली नाही. आणखी काही केलं असंही नाही. गयाबाई बौद्ध, आम्ही पोखर्णीचे मराठे, घरी चाळीस एकर. नामांतराची गोष्ट आमच्या ओसरीवर निघाली की माझा चुलतभाऊ आवाज चढवायचा आणि मी पान लावत बसायचो. गप्प बसण्यात मी पटाईत. फार्मवर चहा यायचा तेव्हा गयाबाई आपला स्टीलचा पेला पिशवीतून काढायच्या. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं, आणि असू द्या, कप घ्या, असंही कोणी म्हणालं नव्हतं. चिमटा, नळी, फडकं काही द्यायचं झालं तर मी ते टेबलावर ठेवायचो आणि त्या उचलायच्या. ते मी ठरवून करत नव्हतो, असं मी तेव्हा समजत होतो.

तिसऱ्या हंगामात योजना संपायला आली. मार्चअखेर पैसा बंद, असं पत्र आलं होतं. साठवणीतले सतरा नंबरचे कंद सडले आणि एकच झाड वाचलं. तेही विटेवर उभं, पानं वळू लागलेली. विषाणू शिरला होता. पुढच्या वर्षी ते असणार नव्हतं. त्याला डिसेंबर संपताना एकच घोस आला, पाच कळ्यांचा. रानटी बटाट्याच्या कुंड्या आधीच फुलून वाळल्या होत्या. त्यांचा चिमूटभर पराग एका नळीत भरून फ्रीजमध्ये ठेवला होता. वीज जायची तेव्हा साहेबांचा दमा वाढायचा.

गयाबाईंनी तेव्हाच साहेबांना विचारलं. मी तिथं होतो.

‘‘सायब, फळ धरलं तर मला एक कागद द्याल का? गयाबाईच्या हातानं झालं म्हणून. शिक्क्याचा.’’

‘‘कागद कशाला?’’

‘‘असावा. तीन वर्सं हितं व्हते, हे कुटंतरी लिवलेलं असावं.’’

साहेब म्हणाले, ‘‘फळ धरू दे. मी स्वतः लिहून देईन.’’

कळ्या फुगल्या त्या चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय त्याच आठवड्यात झाला. गावागावांत पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या. कुठं एसटी फोडली, कुठं काय जळालं, याच्या खऱ्याखोट्या बातम्या दर तासाला कानावर येत होत्या. साहेब बैठकीला बाहेरगावी गेले होते आणि बस नाहीत म्हणून तिकडेच अडकले. संक्रांतीच्या आदल्या दिवशी गयाबाईंनी कळ्या बघितल्या. ‘‘परवा सकाळी. दव सुकलं की. आदी नको आन् नंतर नको.’’

‘‘परवा बंद आहे,’’ मी म्हणालो. ‘‘गाड्या चालतील की नाही देव जाणे. तुम्ही येऊ नका. काही झालं तर...’’

‘‘फूल बंद पाळायलंय का सर? येते मी.’’

करीच्या दिवशी मी सायकलवरून फार्मवर पोचलो. रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं मला आत घेतलं आणि कुलूप लावलं. सतरा नंबर फुलला होता. फिकट जांभळी दोन फुलं उमललेली आणि तीन कळ्या उमलण्याच्या बेतात. दव सुकत होतं. पॅसेंजर आलीच नाही, असं पहारेकरी म्हणाला. मी नऊपर्यंत थांबलो, मग साडेनऊपर्यंत. ऊन चढत होतं. कुठूनतरी घोषणा ऐकू यायच्या आणि वारा फिरला की बंद व्हायच्या.

मग मी स्वतः करायला घेतलं. उशीर होतोय, फूल वाया जाईल, हे कारण होतंच आणि ते खोटं नव्हतं. पण मनात आणखी एक होतं. हे फळ धरलं तर ते माझ्या हातचं असेल, असं मला वाटलं. तीन वर्षं मी त्या नखाकडे बघत होतो.

मी नळीतला सगळा पराग डाव्या अंगठ्यावर ओतला, त्या करायच्या तसाच. माझं नख कापलेलं. पराग नखाशेजारच्या कातडीत, रेघांमध्ये जाऊन बसला. मी घोस धरला. बटाट्याच्या फुलाच्या देठाला मध्येच एक सांधा असतो. तिथं जरा धक्का बसला की फूल सुटतं. पुस्तकात हे मी वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं. एक फूल सुटलं. मी दचकलो, हात हलला आणि आणखी दोन कळ्या विटेवर पडल्या.

आता एक फूल आणि एक कळी राहिली होती. नळी रिकामी होती. डावा हात हवेत धरून मी तसाच उभा राहिलो. पुढं काय करायचं ते सुचेना, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

रुळांच्या बाजूच्या तारेतून गयाबाई आल्या. गुडघ्यापर्यंत धूळ, पदर कमरेला खोचलेला, पिशवी जागच्या जागी. पिंगळीपासून दहाबारा किलोमीटर त्या रुळाच्या कडेनं चालत आल्या होत्या.

‘‘येळ झाला. मोरीखाली बसले व्हते घंटाभर. वरून लोकं जायलते.’’

‘‘कोण लोक?’’

‘‘बगितलं न्हाई.’’

त्यांनी विटेवर पडलेलं फूल आणि दोन कळ्या बघितल्या, मग माझा हात बघितला. मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी ऐकलं नाही.

‘‘नळीत पीठ हाय?’’

‘‘नाही. सगळं इथं आहे.’’

‘‘हात हलवू नका. वारं लागंल.’’

त्या उकिडव्या बसल्या. नळाच्या पाण्यानं हात धुतले, पदराला कोरडे केले. नखानं माझ्या अंगठ्यावरचा पराग खरवडून घेतील असं मला वाटलं. त्यांनी वाकून अंगठा उन्हात बघितला आणि मान हलवली. ‘‘खरवडलं तर सांडंल. तुमचंच बोट घ्यावं लागंल.’’ आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

तीन वर्षांत आमचा हात एकमेकांना कधी लागला नव्हता. त्यांची बोटं खरखरीत आणि गार होती. मी अंग आखडलं. ते त्यांना कळलं असणार. ज्या हातांना फुलाच्या देठातला सांधा कळतो, त्यांना मनगट आखडलेलं कळत नाही, असं होणार नाही.

‘‘हात सैल सोडा, सर,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माझ्या हवाली करा.’’

मी हात सोडला. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यांनी देठ सांध्याच्या मागं असा धरला की फुलाला कळूही नये. फुलातल्या पिवळ्या दांड्या त्यांनी माझं मनगट धरायच्या आधीच काढून टाकल्या होत्या. नखाच्या पाच टोचण्यांत. मग माझा अंगठा हळूहळू आणून फुलाच्या मधल्या टोकाला लावला, किंचित फिरवला आणि काढून घेतला. मग कळी. ती त्यांनी नखानं उघडली, तीतल्याही दांड्या काढल्या, आणि अंगठ्याच्या दुसऱ्या कडेला राहिलेला पराग तिला लावला. एवढ्या वेळात आम्ही दोघांनी श्वास घेतला असेल तर तो मला आठवत नाही.

‘‘झालं,’’ त्या म्हणाल्या आणि माझा हात परत दिला, एखादी वस्तू परत द्यावी तसा.

संकर केला की त्या देठाला दोऱ्यानं पुठ्ठ्याचं लेबल बांधायचं, अशी रीत आहे. वर आईचा नंबर, खाली बापाचा, तारीख, आणि कोपऱ्यात ज्याच्या हातानं झालं त्याच्या नावाचं पहिलं अक्षर. गयाबाई लिहायला उशिरा शिकलेल्या. पेन्सिल घट्ट धरून लिहायच्या. सगळं लिहून झाल्यावर थांबल्या.

‘‘अक्षर कुणाचं?’’

‘‘तुमचं,’’ मी म्हणालो. लगेच म्हणालो. त्या क्षणी मनातून म्हणालो, यात खोटं नाही. पण पेन्सिलीनं उदार व्हायला काय लागतं!

त्यांनी ‘ग’ काढला.

परत जाताना मी म्हणालो, ‘‘मी येतो पिंगळीपर्यंत.’’

त्या कमरेची पिशवी चाचपत होत्या. ‘‘नको. एकलीला एकच भेव हाय. तुमी संग आलाव तर दोन्हीकडचं.’’ आणि तारेतून बाहेर पडल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

चौथ्या दिवशी कळी गळाली. फूल राहिलं, त्याच्या पाकळ्या वाळून पडल्या आणि तळाशी हिरवा मणी दिसू लागला. पुढचे सहा आठवडे त्या मण्याभोवती आम्ही तिघं जगत होतो. गावं शांत झाली, गाड्या सुरू झाल्या, साहेब परत आले आणि रोज सकाळी आधी विटेपाशी जाऊ लागले. मण्याला मलमलीची पिशवी बांधली, खारींसाठी जाळी लावली. झाड खालून पिवळं पडत चाललं होतं. गयाबाई विटेभोवती ओलं गोणपाट गुंडाळायच्या आणि दुपारी जेवायलाही तिथंच बसायच्या. ‘‘तुला आन् मला दम काडायचाय बाई, एवढंच,’’ असं झाडाला म्हणताना मी ऐकलं आहे. झाड बुंध्यापर्यंत वाळलं तेव्हा फळ बोराएवढं झालं होतं. कापलं तेव्हा आत नऊ बिया निघाल्या, भरलेल्या. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि धूळ फार झाली आहे असं म्हणाले.

आठ दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला. सामान बांधताना ते मला म्हणाले, ‘‘गयाबाईंचं तेवढं लिही. मसुदा कर, मी तिकडून सही करून पाठवतो.’’ मी हो म्हणालो.

मसुदा केला. ऑफिसातल्या हेडक्लार्कनं तो वाचला आणि घडी घालून परत दिला. ‘‘रोजंदारीच्या बाईचं नाव कागदावर आणताय? उद्या ती कोर्टात जाऊन म्हणेल, कायम करा. मसुदा कुणाच्या अक्षरात आहे? तुमच्या. तुम्ही स्वतः अजून कायम नाही.’’ मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. गयाबाईंनी एकदाच विचारलं, ‘‘सर, कागद?’’ मी म्हणालो, ‘‘बघतो.’’ त्यांनी परत विचारलं नाही. ‘बघतो’चा अर्थ तहसिलीत तीन वर्षं शिकलेल्या बाईला कोण सांगणार?

मार्चअखेरीला मी बियांचं पाकीट डोंगरातल्या त्या केंद्राकडे पाठवायला घेतलं. उगवून पुढं वाढवण्याची सोय त्यांच्याकडेच होती. शेतातलं लेबल उन्हानं पिवळं पडलेलं, एका कोपऱ्याला कुरतडलेलं. मी सुवाच्य अक्षरात नवीन लेबल लिहिलं: आईचा नंबर, बापाचा नंबर, तारीख. कोपरा मोकळा ठेवला. समोर गयाबाई कुंड्या रिकाम्या करत होत्या. त्यांचा तो शेवटचा दिवस होता. त्या आल्या, टेबलावर वाकल्या आणि नवीन लेबल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांना वाचायला वेळ लागायचा. मी पाकिटाला गोंद लावत राहिलो.

‘‘हे जुनं लागतंय का तुमाला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘नाही.’’

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. आतली प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि ते लेबल रेशनकार्डाच्या आणि सुनंदाच्या दाखल्याच्या मधे ठेवलं. पिशवी परत बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग ‘‘येते’’ म्हणाल्या. नव्या लेबलावर एक अक्षर लिहायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. शाई ओली होती, पेन हातात होतं. मी पाकीट बंद केलं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. त्याच वर्षी भाद्रपदात मी नांदेडला निघालो होतो. पिंगळीला गाडी थांबली. फलाटावर पंधरावीस बाया उभ्या होत्या, डबे आणि विळे घेऊन, कुठल्यातरी कपाशीच्या प्लॉटवर निघालेल्या. त्यांत गयाबाई होत्या. कमरेला पिशवी. मी डब्याच्या दारात होतो. त्यांनी मला ओळखलं आणि बायांतून वाट काढत पुढं आल्या.

‘‘सर, सतराचं काय झालं?’’

केंद्राचा अहवाल महिन्यापूर्वी आला होता. नऊपैकी चार बिया उगवल्या होत्या. रोपं तगडी होती, आणि त्यांतल्या दोघांचा पराग जिवंत होता. संकर करणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव छापलेलं होतं. ते मी दिलं नव्हतं. कोपरा मोकळा होता, त्यांनी पाठवणाऱ्याचं घातलं. कळवून दुरुस्त करता आलं असतं.

‘‘चार उगवली,’’ मी सांगितलं. ‘‘दोघांचं पीठ जिवंत आहे.’’

गयाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. मग मागं वळून त्या बायांना म्हणाल्या, ‘‘चार उगवलीत,’’ आणि डावा हात वर धरला. नख तसंच होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. बाया कौतुकानं बघू लागल्या. कुणीतरी काहीतरी विचारलं आणि त्या सांगू लागल्या. माझ्याकडे बोट करून त्या काहीतरी चांगलंच सांगत होत्या, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

मी त्या नावाचं सांगणार होतो, पण गाडी हलली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पिंगळीला गाडी दोन मिनिटं थांबते.